पाटी कुणाची, जिना कुणाचा?

मस्जिद स्टेशनला हे नाव कोणत्या मशिदीवरून मिळाले? मित्रांना विचारले की बहुतेक जण मोहल्ल्यातल्या एखाद्या मशिदीकडे बोट दाखवतात. पण ते नाव एका सिनेगॉगवरून आले आहे. बेने इस्रायली समाजाचे सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधलेले ‘शार हारहमीम’ तिथे जवळच उभे आहे. कोकणातून आलेले हे मराठी बोलणारे यहुदी आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत. नाव आपल्या ओळखीचे आहे म्हणून जागा आपल्या एकट्याची होत नाही, आणि नाव परके आहे म्हणून ती परकीही होत नाही.

हे आठवायचे कारण म्हणजे नामांतराची चर्चा. जुलै २०२४ मध्ये राज्य विधिमंडळाने मुंबईतल्या काही स्टेशनांची नावे बदलण्याचा ठराव केला. सँडहर्स्ट रोडचे डोंगरी, डॉकयार्ड रोडचे माझगाव. इंग्रज गव्हर्नराचे नाव जाऊन डोंगरी आले तर माझी हरकत नाही. माझा प्रश्न आहे की सगळी चर्चा पाटीपाशीच का थांबते?

मुंबईची रेल्वे बंदरासाठी वाढली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला ३४ किलोमीटरची पहिली गाडी निघाली. पुढे घाट ओलांडून कापूस गोदीत आणायचा आणि विलायतेचा माल आत न्यायचा, हा हिशोब होता. आगबोटीतून उतरलेल्या साहेबांना थेट गाडी मिळावी म्हणून बॅलार्ड पिअरवर वेगळे स्टेशन होते. ते आज नाही. देशभरातले हाजी मात्र रेल्वेने मुंबईत येत, मुसाफिरखान्यात थांबत आणि जहाजाने जेद्दाहला जात. हा सागरी प्रवास १९९५ पर्यंत चालला. हमाल, गोदी कामगार, गिरणी कामगार, हाजी यांचा विचार करून कुणी आराखडे काढले नव्हते. तरीही ही स्टेशने जिवंत ठेवली ती त्यांनीच.

आता नवे आराखडे निघत आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सीएसएमटी, नवी दिल्ली आणि अहमदाबाद या तीन स्टेशनांच्या पुनर्विकासासाठी सुमारे १०,००० कोटी रुपये मंजूर केले. अमृत भारत योजनेत भायखळा, सँडहर्स्ट रोड आणि मुंब्राही आहेत. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे काम सुरू करण्याआधी विचारतात, हे वापरणार कोण? स्टेशनच्या बाबतीतही पहिला प्रश्न हाच हवा. डोक्यावर गठ्ठा घेतलेला हमाल, मूल कडेवर घेतलेली बाई, गुडघे दुखणारे अब्बा यांच्यासाठी काय आहे? दुकाने आणि काचेचे छत नंतर बघू.

हा प्रश्न जीवनमरणाचा आहे. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. त्यानंतर लष्कराने काही महिन्यांत नवा पूल बांधून दिला. म्हणजे पूल बांधणे अशक्य नव्हते, फक्त तो माणसे गेल्यावर आला. पुढे २०१८ मध्ये स्टेशन प्रभादेवी झाले. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ खचाखच भरलेल्या लोकलमधून माणसे रुळांवर पडली, काहींनी जीव गमावला. दारात लटकणाऱ्याला पुढच्या स्टेशनच्या नावाशी काय देणेघेणे?

काही जण म्हणतील, नाव म्हणजे ओळख, ती सोडायची का? सोडू नका. पण ओळख जपण्याचा एक मार्ग हक्काने जागा मागणे हाही आहे. आपल्यात इंजिनिअरिंग शिकलेली कितीतरी मुले-मुली आहेत. चार जणांनी मिळून आपल्या स्टेशनच्या जिन्याची रुंदी मोजा, सकाळी आठ ते दहा किती माणसे उतरतात ते मोजा. पुनर्विकासाचा नकाशा माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपये लागतात. विभागीय रेल्वे उपयोगकर्ता सल्लागार समितीवर कोण आहे ते शोधा आणि हे आकडे त्यांच्यापुढे ठेवा. शेजारच्या मोहल्ल्यातल्या, चाळीतल्या मुलांना सोबत घ्या, कारण जिना सगळ्यांचा एकच आहे.

भावनेवरचा वाद टीव्हीवर रात्रभर चालतो. मोजलेल्या आकड्याला मात्र कुणाला तरी उत्तर द्यावे लागते.