२३अँडमी विकली गेली, पण ट्यूबमधल्या डीएनएचं काय?

कोविडनंतर ‘स्वॅब’ म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. घरच्या घरी होणाऱ्या डीएनए टेस्टमध्ये ही काडी नाकात नाही, तर गालाच्या आतून फिरवतात. मायहेरिटेज अशी काडी पाठवते. अमेरिकेतली २३अँडमी ट्यूबमध्ये थुंकायला सांगते, पण थुंकीतही गालाच्या पेशी असतातच.

मार्च २०२५ मध्ये याच २३अँडमीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ग्राहक होते सुमारे दीड कोटी. कंपनी विकली गेली तर आपल्या नमुन्याचं काय, हा प्रश्न तेव्हा पुढे आला.

त्यासाठी आधी हा नमुना टिकतो कसा ते बघू. डीएनए तसा चिवट असतो. त्याची वाट लावतात ते तोंडातले बॅक्टेरिया आणि एन्झाइम, आणि दोघांनाही ओलावा लागतो. म्हणून पोलीस तपासात काडी वाळवून कागदी पाकिटात ठेवतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओली काडी बंद केली की बुरशी ठरलेलीच. घरी येणाऱ्या किटमध्ये वेगळी युक्ती असते. ट्यूबमधल्या द्रवातलं डिटर्जंटसारखं रसायन पेशी फोडतं, तर ईडीटीए नावाचं रसायन एन्झाइमना लागणारं मॅग्नेशियम पकडून ठेवतं. मग ना बर्फ लागतो ना फ्रीज. साध्या टपालाने, उन्हाळ्यातसुद्धा, नमुना लॅबपर्यंत नीट पोहोचतो. या धंद्याचा पायाच हा आहे.

पण जो नमुना टपालात टिकतो, तो लॅबमध्येही वर्षानुवर्षं टिकतो. उरलेला नमुना ठेवायचा की नष्ट करायचा, हे २३अँडमी ग्राहकाला विचारते. घाईत असे पर्याय कोण वाचतं? म्हणूनच कॅलिफोर्नियाचे ॲटर्नी जनरल रॉब बोंटा यांनी मार्चमध्ये ग्राहकांना दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या : डेटा डिलीट करा आणि नमुनाही नष्ट करायला लावा.

आधी रिजेनेरॉन या औषध कंपनीने २५.६ कोटी डॉलरची बोली लावली होती. शेवटी जुलैमध्ये सहसंस्थापक ॲन वोजिकी यांच्याच ना-नफा संस्थेने ३०.५ कोटी डॉलरला व्यवहार पूर्ण केला. म्हणजे मालक तसा ओळखीचाच निघाला. पण हे ग्राहकांचं नशीब, त्यात त्यांचा निर्णय कुठेच नव्हता.

आपण तर टेस्ट केलीच नाही, मग आपल्याला काय, असं वाटत असेल तर २०२३ चं हॅकिंग आठवा. थेट फोडलेली खाती होती सुमारे १४ हजार. माहिती बाहेर गेली ६९ लाख लोकांची, कारण ॲपमध्ये नातेवाईक एकमेकांना जोडलेले होते. सख्ख्या चुलत भावंडांचा साधारण साडेबारा टक्के डीएनए सारखा असतो. त्यामुळे न्यू जर्सीतल्या चुलतभावाने ट्यूब पाठवली असेल, तर तुमचाही थोडा भाग त्यात गेलाय.

त्याला आज मेसेज करणार असाल तर हेही सांगा : अकाउंट बंद केलं तरी जी माहिती आधीच संशोधनात वापरली गेली, ती परत काढता येत नाही.