जिंकलेला उमेदवार घरी, मतदारसंघ रिकामा

"आपल्याकडेही जर्मनीसारखी निवडणूक पद्धत आणा" अशी पोस्ट अधूनमधून फिरत येते. आणा की. पण आधी माझ्या मतदारसंघाचं काय झालं ते ऐका.

मी राहतो तो स्टुटगार्टचा दुसरा मतदारसंघ. बाड कानस्टाट, फॉयरबाख, झुफेनहाउझेन, उंटरट्युर्कहाइम, म्हणजे शहराचा कारखान्यांचा पट्टा. बॉश, पोर्शे, मर्सिडीज सगळे इथेच. पुण्या-नाशकाकडची बरीच मंडळी याच कारखान्यांच्या ओढीने इकडे आली, त्यातलाच मी एक. भारताचा पासपोर्ट परत करून इथलं नागरिकत्व घेतलं (आईला अजून धड सांगितलेलं नाही) आणि २३ फेब्रुवारी २०२५ ला बुंडेसटागसाठी पहिल्यांदा मतदान केलं.

इथे मतं दोन. पहिलं आपल्या भागातल्या उमेदवाराला, दुसरं पक्षाला. पहिल्या मतांत सीडीयूचे माक्सिमिलियान म्योर्सेबुर्ग आमच्याकडे सर्वात पुढे राहिले. मी त्यांना मत दिलेलं नव्हतं. पण जिंकले ते जिंकले, नाही का? नाही! २०२३ च्या नव्या कायद्याप्रमाणे राज्यात पक्षाला जागा मिळतात त्या दुसऱ्या मतांच्या हिशेबाने. जिंकलेले उमेदवार त्याहून जास्त झाले, तर ज्यांची पहिल्या मतांची टक्केवारी सर्वात कमी, ते बाहेर. देशभरात असे २३ विजेते घरी बसले. त्यातल्या काही ठिकाणी दुसऱ्या पक्षाचं कुणीतरी यादीतून आत गेलं. आमच्याकडून तसंही कुणी गेलं नाही. डार्मश्टाट आणि ट्युबिंगेनचीही तीच गत.

आता गंमत बघा. फ्रँकफर्टचे दोन्ही मतदारसंघ, मानहाइम, आउग्सबुर्ग, म्युनिक दक्षिण, न्यूर्नबर्ग उत्तर... या २३ मध्ये शहरंच शहरं. कारण सरळ आहे. शहरात ग्रीन, एसपीडी, डावे, सीडीयू, एएफडी सगळ्यांना थोडी थोडी मतं पडतात, त्यामुळे पहिला येणाराही कमी टक्क्यांवर जिंकतो. गावाकडे एकच पक्ष भक्कम असला की तिथला विजेता सुरक्षित. म्हणजे आमच्या भागात सगळ्या प्रकारची माणसं राहतात, याचीच शिक्षा आम्हाला!

समोरून उत्तर येतं, "तुमचं दुसरं मत मोजलं गेलं ना? मग तक्रार कसली?" मोजलं गेलं, मान्य. घटना न्यायालयानेही जुलै २०२४ मध्ये ही तरतूद वैध ठरवली, तेही मान्य. आधी ५९८ ची संसद फुगत फुगत २०२१ मध्ये ७३६ वर गेली होती, तिला आवर घालणं गरजेचं होतं, हेही मान्य. पण सप्टेंबर २०२५ मध्ये बॉशने सुमारे १३,००० नोकऱ्या कमी करणार असं जाहीर केलं, त्यात फॉयरबाखवर मोठी कुऱ्हाड आहे. तिथल्या कामगाराने बर्लिनमधल्या कुणाचं दार ठोठवायचं? पक्षाच्या टक्केवारीचं? शेजारचे खासदार बघून घेतील म्हणे. शेजाऱ्याला पुढच्या वेळी माझं मत मागायला यायचंय का?

आणि दुसरा उपाय हातात होता. मतदारसंघ २९९ आहेत. ते कमी केले की जादा विजेते आपोआप घटतात, आणि जो जिंकला तो आत जाण्याची शक्यता वाढते. २०२० च्या कायद्यात ते २८० करायचं ठरलंही होतं. एसपीडी, ग्रीन आणि एफडीपीच्या सरकारने २०२३ मध्ये ते रद्द करून २९९ च ठेवले आणि कात्री विजेत्यांवर चालवली. सीडीयू-सीएसयू आता गळा काढतात, पण मतदारसंघ घटवायला वर्षानुवर्षं आडवी पडली होती ती सीएसयूच. आपापल्या जागा कुणालाच सोडायच्या नव्हत्या, म्हणून आमची सोडली.

नव्या युतीच्या करारात यावर आयोग नेमून फेरविचार करू असं लिहिलंय. त्या आयोगाला मी पत्र लिहायला घेतलंय. माझ्या जर्मनमधल्या चुका मुलगी काढून देतेय. एरवी असं पत्र माणूस आपल्या खासदाराला देतो आणि तो पुढे पाठवतो.