घरची बीअर आणि हातभट्टीचा कायदा

खास प्रतिनिधी

जोहे (ता. पेण, जि. रायगड) : राज्य मंत्रिमंडळाने १० जून २०२५ रोजी मद्यावरील उत्पादन शुल्कात मोठी वाढ केली. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट झाले. धान्यापासून बनणाऱ्या 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाच्या नव्या वर्गाला मान्यता मिळाली आणि या सर्वांतून तिजोरीत वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांची भर पडेल, असा अंदाज मांडण्यात आला. बीअर आणि वाइन यांना मात्र या वाढीतून वगळण्यात आले. मद्यासंबंधीचे सरकारी निर्णय बहुधा असेच असतात : किती शुल्क, किती परवाने आणि किती महसूल. स्वतःच्या घरात, स्वतःपुरती, विक्रीचा कोणताही हेतू न ठेवता बीअर बनवणाऱ्या माणसाचे काय, हा प्रश्न त्या हिशेबात कधीच येत नाही.

हा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये काही वर्षे राहून आलेल्या मराठी कुटुंबांना घरगुती बीअरनिर्मितीचा छंद नवा नाही. तेथे शनिवारी-रविवारी गॅरेजमध्ये मोठे पातेले चढते, पंधरवड्याने बाटल्या भरल्या जातात आणि शेजाऱ्यांना चव दिली जाते. बाजारात गाजलेल्या एखाद्या बीअरची हुबेहूब नक्कल घरी साधणे, हा या छंदातला सर्वांत लोकप्रिय खेळ. हाच माणूस तेच पातेले घेऊन पुण्यात, ठाण्यात किंवा पेणला आला की कायद्याच्या दृष्टीने त्याची आणि खाडीकाठच्या हातभट्टीवाल्याची जात एकच ठरते.

कायदा काय म्हणतो?

मुंबई दारूबंदी कायदा १९४९ सालचा. आज तो महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जातो. या कायद्याची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. आधी सर्व काही निषिद्ध आणि मग परवान्यापुरती सूट, असे त्याचे सूत्र आहे. कलम १२ नुसार मद्य तयार करण्यास आणि मद्यनिर्मितीचा कारखाना उभारण्यास मनाई आहे. कलम १३ त्याही पुढे जाते : मद्य बनवण्यासाठीचे साहित्य, भांडी किंवा उपकरणे जवळ बाळगणेही त्यात निषिद्ध ठरते. या तरतुदींचा भंग करणाऱ्यास कलम ६५ नुसार तुरुंगवास आणि दंड अशी शिक्षा आहे. बीअरच्या व्याख्येत एल, स्टाउट, पोर्टर आणि माल्टपासून आंबवलेली अन्य पेये यांचा समावेश असल्याने पळवाटही उरत नाही. विक्री केली की नाही, वीस लिटर बनवली की दोन हजार, हे प्रश्न गुन्हा ठरवताना गौण ठरतात.

हा कायदा ज्या काळात झाला त्या काळाचा विचार केल्यास हे स्वाभाविक वाटते. मुंबई राज्यात १९५० मध्ये संपूर्ण दारूबंदी लागू झाली. पुढच्याच वर्षी एफ. एन. बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधी व प्रसाधन द्रव्यांसंबंधीच्या काही तरतुदी वगळता कायद्याचा मोठा भाग वैध ठरवला. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदातील मार्गदर्शक तत्त्वाचा आधार सरकारच्या पाठीशी होताच. साठच्या दशकात बंदी सैल झाली, परवाने आले, दुकाने उघडली. परंतु मूळ कायदा तोच राहिला. मद्यपानासाठी परवाना लागतो, ही तरतूद आजही कागदावर जिवंत आहे, ती याच वारशामुळे.

बीअर आणि दारू यांतला फरक

रायगडच्या वाचकाला हातभट्टीवरील धाडींच्या बातम्या परिचयाच्या आहेत. 'अमुक लिटर गूळमिश्रित रसायन नष्ट' हे वाक्य अशा प्रत्येक बातमीत असते. गूळ, नवसागर आणि पाणी यांचे आंबवण, म्हणजे ते रसायन. ते उकळून, वाफ थंड करून जे गोळा होते ती गावठी दारू. बीअरमध्ये पहिला टप्पा आहे, दुसरा नाही. ती आंबवली जाते, ऊर्ध्वपातित होत नाही. हा फरक केवळ तांत्रिक नाही. सुरक्षेचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे.

मुंबईत २००४ मध्ये विक्रोळीत आणि २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने माणसे मेली. मालवणीतील बळींची संख्या शंभराच्या पुढे गेली. या दुर्घटनांचे स्मरण होताच 'घरी बनवलेली' हा शब्द भीतीदायक वाटू लागतो. मालवणीत मृत्यू आले ते मिथेनॉलमुळे. मिथेनॉल हे औद्योगिक रसायन आहे आणि ते स्वस्तात नशा विकण्यासाठी दारू म्हणून पाजले गेले. बार्लीचे माल्ट आंबवताना इतक्या घातक प्रमाणात मिथेनॉल तयार होत नाही. घरगुती बीअरचे धोके वेगळे आहेत : भांडी नीट निर्जंतुक न केल्यास ती आंबट होऊन वाया जाते आणि साखर जास्त राहिल्यास बाटलीत दाब वाढून ती फुटू शकते. फुटलेली काच ही गंभीर बाब आहे, पण ती सामूहिक विषबाधा नव्हे.

जी बीअर घरी बनवण्याची हौस सर्वाधिक आहे, ती म्हणजे कडक आणि हॉप्सने कडवट झालेली एल. हॉप्स हे एका वेलीचे फूल. त्यातील राळेमुळे बीअरला कडवटपणा, सुगंध आणि टिकाऊपणा येतो. भारतात 'स्ट्राँग' म्हणून जी बीअर विकली जाते, तिचा आणि या एलचा संबंध फक्त नशेच्या टक्क्यांपुरता. आपली स्ट्राँग बीअर कडवट नसते. ती गोडसर आणि जड लागते. उलट या एलमध्ये वीस लिटरला साधारण सात किलो माल्ट आणि दोनशे ग्रॅमहून अधिक हॉप्स लागतात; साध्या बीअरला तीस-चाळीस ग्रॅम पुरतात. दळलेले माल्ट सुमारे ६५ अंश तापमानाच्या पाण्यात तासभर भिजवायचे, गाळून आलेला गोड काढा तासभर उकळायचा, त्यात ठरावीक वेळी हॉप्स टाकायचे, थंड करून यीस्ट घालायचे आणि आंबणे संपत आल्यावर सुगंधासाठी पुन्हा हॉप्स घालायचे, असा हा क्रम. आंबताना तापमान २० अंशांच्या आसपास राहावे लागते. कोकणातल्या हवेत ते फ्रिजशिवाय अशक्य आहे. झटपट नशा हवी असलेला माणूस या वाटेला जाणार नाही, हे एवढ्या तपशिलावरूनच उघड व्हावे.

मुंबईच्या बंदरातून जगाकडे

विशेष म्हणजे या कडवट एलच्या नावातच हिंदुस्थान आहे. इंडिया पेल एल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या बो भागातील हॉजसन यांच्या कारखान्यातून फिक्या रंगाची, हॉप्सयुक्त एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर चढून मुंबई आणि कलकत्त्याला येई. हॉजसनने ती हिंदुस्थानसाठी मुद्दाम शोधून काढली, ही लोकप्रिय कथा इतिहास संशोधकांनी खोडून काढली आहे. अशी एल आधीपासून होतीच. पण लांबच्या सागरी प्रवासात ती पिकत असे आणि येथील गोऱ्या वस्तीत तिला मागणी होती, हे खरे. पुढे बर्टनच्या कारखानदारांनी हा बाजार काबीज केला.

विसाव्या शतकात ही शैली जवळपास विस्मृतीत गेली. तिचे पुनरुज्जीवन केले ते अमेरिकेतील हौशी लोकांनी. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये घरगुती बीअरनिर्मितीला मुभा देणाऱ्या विधेयकावर स्वाक्षरी केली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन वा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन, विक्रीस मनाई, अशी ती साधी मर्यादा होती. कॅलिफोर्नियातील चिको गावात घरगुती बीअरचे साहित्य विकणाऱ्या केन ग्रॉसमन यांनी १९८० मध्ये 'सिएरा नेवाडा' सुरू केली. त्या काळी शंभराच्या आत आलेली अमेरिकेतील कारखान्यांची संख्या आज नऊ हजारांच्या पुढे आहे. 'रशियन रिव्हर' या कारखान्याच्या 'प्लिनी द एल्डर' या आठ टक्के मद्यांशाच्या एलची पाककृती तर तिच्या निर्मात्यानेच हौशी लोकांसाठी खुली केली. ब्रिटनमध्ये घरगुती निर्मितीसाठी लागणारा परवाना १९६३ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. अमेरिकेतही हे एकाएकी घडले नाही : अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी २०१३ मध्ये मुभा दिली.

आठ टक्क्यांचा आकडा आपल्यासाठीही महत्त्वाचा आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मद्यविषयक मानकांनुसार पाच टक्क्यांपर्यंत सौम्य आणि त्यावर आठ टक्क्यांपर्यंत कडक, अशी बीअरची विभागणी आहे. म्हणजे जगभर नावाजलेल्या कडक एलपैकी काही येथे कारखान्यातही बसणार नाहीत.

पुण्याची वाट

महाराष्ट्रात हॉप्सच्या कडवटपणाची ओळख करून दिली ती पुण्याने. २००९ मध्ये 'डूलाली' ही देशातील सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक तेथे उघडली. हे नावही आपल्याच मातीतले : नाशिकजवळच्या देवळाली छावणीत जहाजाची वाट पाहून वेडावलेल्या गोऱ्या सोजिरांमुळे इंग्रजीत 'डूलाली' हा शब्द रूढ झाला. पुढे 'इंडिपेन्डन्स', 'ग्रेट स्टेट' अशा नावांनी पुणेकरांना इंडिया पेल एल नित्याची झाली. जी पेये एकेकाळी मुंबईच्या धक्क्यावर परदेशातून उतरत, ती मुंढव्यात बनू लागली.

यातून एक विसंगती पुढे येते. अमेरिकेत स्वयंपाकघरातून कारखान्याकडे जाण्याची वाट आहे. आपल्याकडे थेट परवाना, यंत्रसामग्री आणि कोट्यवधींची गुंतवणूक यांपासूनच सुरुवात करावी लागते. चुका करून शिकण्याची जागा कायद्याने ठेवलेली नाही. द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी महाराष्ट्राने २००१ मध्ये स्वतंत्र धोरण आणले, शेतमाल म्हणून वाइनला सवलती दिल्या. धान्यापासून बनणाऱ्या बीअरला तसा आश्रय नाही.

शेजारी राज्ये या बाबतीत अधिक मोकळी आहेत. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये तिला वारसा मद्याचा दर्जा देण्यात आला. मध्य प्रदेशात आदिवासींना मोहाची दारू स्वतःच्या वापरासाठी बनवण्याची सूट आहे. म्हणजे 'घरगुती वापरापुरती निर्मिती' ही कल्पना भारतीय कायद्याला परकी नाही.

आक्षेप पोकळ नाहीत

तरीही सरकारने उद्या मुभा द्यावी, असे म्हणणे जितके सोपे तितके ते पेलणे कठीण. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे या राज्यात सर्वत्र आहेत आणि बाटली आडवी करण्यासाठी मतदान घडवून आणणाऱ्या स्त्रियांचा लढा पुस्तकी नाही. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी सरकारने २०२१ मध्ये उठवली, ती अवैध दारूचे प्रमाण वाढल्याचे कारण देऊन. अंमलबजावणी झेपत नसताना नवी सूट दिली तर हातभट्टीवाला 'हे माझ्या घरापुरतेच' असे म्हणणार नाही कशावरून, ही उत्पादन शुल्क विभागाची शंका रास्त आहे. घरातच मद्य बनू लागल्यास ते मुलांच्या हाताशी येईल, ही चिंताही दुर्लक्षिण्यासारखी नाही. मद्याचा व्यापार हा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीज खटल्यात स्पष्ट केले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने औद्योगिक अल्कोहोलवरही राज्यांचा अधिकार मान्य केला. त्यामुळे न्यायालयाकडून फारशी अपेक्षा ठेवता येणार नाही. निर्णय विधिमंडळालाच घ्यावा लागेल.

परंतु या शंकांना उत्तरे आहेत. ऊर्ध्वपातनाला पूर्ण बंदी कायम ठेवावी. फक्त माल्ट वा धान्य आंबवून बनणाऱ्या बीअरला, नाममात्र शुल्काच्या वार्षिक नोंदणीवर, ठरावीक लिटरपर्यंत सूट द्यावी. राज्यात कडक मद्यासाठी असलेली २५ वर्षांची वयोमर्यादा नोंदणीलाही लागू करावी. विक्री आढळली तर कलम ६५ आहेच. दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांना यातून वगळावे. यात धाड घालणाऱ्या अधिकाऱ्याचे कामही सोपे होते : भट्टी, नळी आणि वाफ दिसली की गुन्हा, नोंदणीपत्र आणि बादलीभर बीअर दिसली तर नाही.

कोणता उद्योग मोठा होईल हे आधी कोणालाच सांगता येत नाही. जोहे, हमरापूर आणि परिसरातील घरोघरी गणेशमूर्ती घडतात. ओटीवर आणि पडवीत शाडू मळणाऱ्या हातांनी सुरू झालेल्या या कलेच्या मूर्ती आज परदेशी जातात. मूर्ती आणि मद्य यांची बरोबरी कोणी करू नये. पण कसब घरात शिकले जाते आणि कारखाना नंतर येतो, हा धडा या गावांना कोणी शिकवण्याची गरज नाही.

मोठ्या कारखान्यांच्या शुल्काची फेररचना सरकार वेळोवेळी करते. पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या कायद्याने छंद आणि धंदा यांना एकाच तराजूत तोलले, त्याची फेररचनाही त्याच टेबलावर व्हायला हवी. तोवर परदेशात शिकलेली पाककृती येथे वहीतच राहील. आणि जो कोणी ती पातेल्यात उतरवेल, त्याचा वीस लिटरचा काढा पंचनाम्यात 'रसायन' म्हणूनच नोंदला जाईल.