दादा म्हटले म्हणून

१९७२ सालच्या मथुरा प्रकरणाचा आपल्या चळवळीला विसर पडलेला नाही. त्या खटल्यातील आरोपी पोलीस सर्वोच्च न्यायालयात निर्दोष सुटले. त्यावर उसळलेल्या संतापातून १९८३ ची कायदेदुरुस्ती झाली. तिचा एक भाग मात्र आपण नीट वाचलेला नाही. तुरुंग, रिमांड होम, स्त्रियांच्या व मुलांच्या संस्था यांचे चालकही तिने कायद्याच्या कक्षेत आणले. अधिकारपदाचा फायदा घेऊन आश्रित स्त्रीला शरीरसंबंधास राजी करणे हा, वरवर तिची संमती असली तरी, गुन्हा ठरला. २०१३ मध्ये त्यात विश्वासाच्या नात्याचीही भर पडली. आज भारतीय न्याय संहितेच्या ६८ व्या कलमात तीच तरतूद आहे.

पोलिसाचा अधिकार गणवेशात दिसतो. कार्यकर्त्याचा दिसत नाही. पोटगीचा अर्ज, निराधार योजनेची शिफारस, आधारगृहातील जागा ज्याच्या शब्दावर अवलंबून आहे, त्याने खांद्यावर ठेवलेला हात झिडकारणे परित्यक्तेला परवडत नाही. ती गप्प राहते आणि आपण त्याला आपलेपणा समजतो. ‘ती मला दादा म्हणते’ हा खुलासा आम्ही कितीदा ऐकला! दादा म्हटल्याने तर तिला नकार देणे अधिकच अवघड होते.

स्पर्श सर्वस्वी वर्ज्य मानावा, असे आमचे म्हणणे नाही. नवऱ्याचे प्रेत पाहून कोसळणाऱ्या बाईला सावरताना नियम आठवत बसणारा कार्यकर्ता आम्हालाही नको. परंतु दार लावून पाठीवरून हात फिरवीत केलेल्या समुपदेशनात गरज कोणाची असते? अमेरिकेतील समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९६ च्या आचारसंहितेत कुरवाळण्याचा स्पष्ट निषेध केला आणि मर्यादा आखण्याची जबाबदारी कार्यकर्त्यावरच टाकली.

आपल्याकडे असे काही कानांवर आले की पहिला प्रश्न संस्थेच्या बदनामीचा निघतो. मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातील अत्याचार २०१८ मध्ये उघडकीस आले, ते टाटा समाजविज्ञान संस्थेच्या बाहेरून आलेल्या पथकामुळे.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा केवळ नोकरदार स्त्रीपुरता नाही. तेथे मदत मागायला आलेली बाईही तक्रार करू शकते. दहा वा अधिक कर्मचारी असतील तेथे समिती बंधनकारक आहे आणि तिच्यात बाहेरचा एक सदस्य असावाच लागतो. लहान संस्थांसाठी जिल्ह्याची समिती आहे. हे त्या बाईला कोण सांगतो? आपले कार्यकर्ते चालवीत असलेल्या प्रत्येक संस्थेच्या दारावर या समितीचा पत्ता महिन्याभरात ठळक मराठीत लागला पाहिजे, आणि जिला वाचता येत नाही तिला पहिल्याच भेटीत तो तोंडी सांगितला गेला पाहिजे.