बाभळीची काठी आणि एलन बोल्ट

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. आमच्या जुन्या मोटारसायकलीचा पुढचा शॉकअप गळू लागला. याच गाडीवर अण्णा पहाटे दुधाचे कॅन बांधून तालुक्याला जातात. गॅरेजवाल्याची मजुरी ऐकली आणि मी म्हणालो, "अण्णा, घरीच खोलू." बी. ए. ला गेलेल्या मुलाला एवढे येतच असणार, असे त्यांना वाटले असावे.

शॉकअप म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. आत स्प्रिंग, ऑइल आणि तळाशी एका एलन बोल्टने धरलेली पोकळ दांडी. गंमत अशी, की स्प्रिंग काढल्यावर बोल्ट फिरवावा, तर आतली दांडीही गरगर फिरते आणि बोल्ट काही सुटत नाही. वर्कशॉपमध्ये दांडी वरून धरायला टी-आकाराची लांब सळई असते. आमच्याकडे ती कोठून असणार? मी लोखंडी गज ठोकणार, तेवढ्यात अण्णांनी बाभळीची वाळलेली काठी विळ्याने निमुळती तासली आणि दांडीच्या तोंडात ठोकून बसवली. "लाकूड घट्ट धरतं, पर लोखंडाला वरखडा पाडत न्हाई," ते म्हणाले. त्यांनी काठी आवळून धरली, मी खालून एलन की फिरवली. बोल्ट सुटला. पुढे एका फिटरने सांगितले, की स्प्रिंग आत असतानाच शॉकअप दाबून धरून हा बोल्ट ढिला करावा. स्प्रिंगचा दाबच बहुधा दांडीला धरून ठेवतो. म्हणजे काठीचीही गरज पडली नसती!

नवा ऑइल सील मात्र मी बसवला. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून कडेकडेने ठोकला. सीलच्या ओठाला चीर पडली, ऑइल पुन्हा ओघळले, आणि दुसरा सील येईपर्यंत दोन सकाळी अण्णांनी कॅन शेजाऱ्यांच्या सायकलीवरून नेले. मला ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या खेपेस नव्या सीलवर जुना सील ठेवून, मापाच्या पीव्हीसी पाइपाने सगळीकडून सारखा ठोकला. तो अजून टिकून आहे.

हे सांगायचे कारण, आपल्या महाविद्यालयात एका पाहुण्यांनी 'जुगाड' ही आपल्या लोकांना मिळालेली देणगी असल्याचे सांगितले. टाळ्या झाल्या. मला टाळी वाजवता आली नाही. जुगाडाचे कौतुक बहुधा ज्यांना तो करावा लागत नाही, तेच करतात. काठी काय आणि स्क्रू-ड्रायव्हर काय, दोन्ही जुगाडच. पण एकामागे त्या भागाची जाण होती, दुसऱ्यामागे नुसती घाई. अण्णा चौथी शिकलेले. त्यांची ही जाण ज्ञानात मोडते की नाही, हे आमच्या अभ्यासक्रमात कोठे आलेले नाही. असो. पण काठीने भागले म्हणून सळई नको, असे अण्णा कधीही म्हणणार नाहीत.

अमेरिकेत बर्कली येथील सार्वजनिक ग्रंथालय १९७९ पासून पुस्तकांप्रमाणे हत्यारेही घरी नेऊ देते. आपल्याकडे निम्म्याहून अधिक मुले खेड्यांतून येतात. ग्रंथालयात एक कपाट हत्यारांचे का असू नये? प्राध्यापक मंडळींनी हसण्यापूर्वी विचार करावा. पहिली खरेदी त्या टी-आकाराच्या सळईची व्हावी. अनामत रक्कम भरून ती नेणारा पहिला विद्यार्थी मी असेन.