किती माणसं?

गेल्या फेब्रुवारीत एका वाचनालयाच्या कार्यक्रमासाठी रत्नागिरीला गेले होते. कार्यक्रम आटोपला, मंडळी पांगली. रात्री कुणाच्या घरी जेवायला जायचं मी मुद्दामच टाळलं आणि मारुती मंदिराजवळच्या एका हॉटेलात शिरले. दारातल्या मुलानं विचारलं, ‘‘किती माणसं?’’

‘‘एक.’’

त्यानं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागे रस्ता होता. ‘‘काका गाडी लावतायत का?’’

काका ठाण्याला होते आणि बहुधा स्वतःपुरती खिचडी टाकत होते. तसं सांगितल्यावर मुलगा अधिकच अदबीनं म्हणाला, ‘‘मग आत फॅमिली रूममध्ये बसा, काकू. एसी आहे.’’

त्याच्या बोलण्यात अपमान नव्हता, उलट काळजीच होती. म्हणूनच तर त्याबद्दल लिहावंसं वाटलं.

‘फॅमिली’ हा शब्द आपल्याकडे मोठा गमतीचा. जुन्या पिढीतले पुरुष बायकोला ‘आमचं कुटुंब’ म्हणत, पुढे इंग्रजी आल्यावर ‘आमची फॅमिली’ म्हणू लागले. त्या हिशेबानं मी एकटी म्हणजे अख्खी फॅमिली! पण या खोलीची आणि माझी ओळख जुनी आहे. १९८९ साली बँकेत अधिकारी म्हणून माझी याच गावात बदली झाली, तेव्हा घर मिळेपर्यंत मी लॉजवर उतरले होते. पहिल्या संध्याकाळी एका हॉटेलात गेले तर मला एका पडद्यामागे बसवलं. सहा माणसांचं टेबल, कळकट पडदा आणि वर एक फडफडणारी ट्यूबलाइट. वेटर पडद्याबाहेरूनच खाकरायचा. पडद्याच्या फटीतून बाहेरचे लोक डोकावत ते वेगळंच. दहा मिनिटांत जेवण उरकून बाहेर पडले आणि पुढचा आठवडा खोलीवर केळी आणि बिस्किटांवर काढला. बँक आम्हाला हॉल्टिंग अलाउन्स देत असे, पुरुषाला आणि बाईला अगदी सारखा. तो खर्च करायला बाई कुठे बसणार, हे मात्र कुठल्याच परिपत्रकात नव्हतं.

कुणी कुठे बसून जेवायचं, हा प्रश्न रत्नागिरीला नवा नाही. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात इथे स्थानबद्ध होते. त्या वर्षांत गावात सहभोजनं झाली, भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर १९३१ साली सर्व जातींना खुलं झालं आणि १ मे १९३३ रोजी अखिल हिंदू उपहारगृह सुरू झालं. तिथे चहा घेणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती, तिच्यावरून घराघरांत भांडणं लागू शकत होती. आज आपल्याला त्याचं हसू येतं. पण जेवण म्हणजे पंगत आणि पंगतीत प्रत्येकाची जागा ठरलेली, ही समजूत आपल्या मनातून पुरती गेलेली नाही. एकट्या माणसाला पंगत नाही, म्हणून त्याला कुठे बसवावं हेच आपल्याला सुचत नाही.

एकट्या पुरुषाची सोय मात्र फार पूर्वीच झाली आहे. कोकणातला चाकरमानी मुंबईला गिरणीत गेला, बायकामुलं गावी राहिली, आणि त्याच्या दोन वेळच्या भुकेवर गिरणगावातल्या घरगुती खानावळी उभ्या राहिल्या. त्या चालवणाऱ्या बहुतेक बायकाच. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून राष्ट्रीयीकृत बँकांचं कर्ज मिळवून देण्यासाठी. तारण नसलेल्या बाईला बँकेच्या काउंटरपर्यंत पोचवणं म्हणजे काय, हे टेबलाच्या पलीकडे बसलेल्या आम्हालाच ठाऊक. खानावळीत कुणी ‘घरचे कुठे आहेत?’ असं विचारत नसे, कारण सगळ्यांचेच गावी असत. माटुंग्याला १९४२ पासून चालू असलेल्या रामा नायकांच्या उडुपी बोर्डिंगातही एकट्या माणसाला अनोळखी माणसांच्या टेबलावर बसवतात आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. जपानात तर काउंटरापुढे ओळीनं खुर्च्या मांडलेली दुकानं एकट्यादुकट्या गिऱ्हाइकावरच चालतात.

आणि बाई? खरं सांगायचं तर बाई आपल्याकडे एकटीच जेवत आलेली आहे. माझी आई सगळ्यांची पानं उठल्यावर स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसायची. भात निवलेला, आमटी तळाची, आमच्यापैकी कुणी तिच्याजवळ बसलेलं नाही. उरलंसुरलं संपवणं हेच तिचं जेवण होतं. ते आम्हाला कुणाला कधी विचित्र वाटलं नाही. बाई चारचौघांत, उजेडात, समोर गरम ताट घेऊन एकटी बसली की मात्र लोक मागे वळून पाहतात.

फॅमिली रूम काढून टाका, असं मी म्हणत नाही. परक्या गावात रात्री नऊ वाजता एखाद्या तरुण मुलीला ती खोली बरी वाटत असेल, तर तिला तिथे खुशाल बसू द्यावं. शेजारच्या टेबलावर दारूचे पेले असतील तर मीही तिथेच जाईन. पण ती निवड तिची असावी. ‘आत बसता की बाहेर?’ एवढा एक प्रश्न विचारायला हॉटेलमालकाचा पैसाही खर्च होत नाही. दोन माणसांची दोन टेबलं खिडकीशी टाकली तर धंदाही वाढेल, हे मी माजी बँकवाली म्हणून सांगते. थाळी तर मुळात एकट्या माणसासाठीच केलेली असते. रविवारी दुपारी गर्दी असेल तर चौघांचं टेबल अडवून बसू नये हे मला समजतं, समोर कुणी बसलं तर माझी हरकत नसते.

आमच्याकडूनही चुका होतात. ‘एक’ म्हटल्यावर लगेच ‘ते काय झालं, यांना वेळ नव्हता’ अशी कैफियत मी वर्षानुवर्षं देत आले. पुस्तकात डोकं खुपसून बसायचे, हल्ली मैत्रिणी मोबाइलमध्ये खुपसतात. त्यापेक्षा साडेसातला, गर्दीच्या आधी जावं, दाराकडे तोंड करून बसावं आणि आज मासळी कुठली ताजी आहे ते विचारावं. हा प्रश्न विचारला की कोकणातला वेटर तुम्हाला गंभीरपणे घेऊ लागतो.

तर त्या रात्री मी म्हटलं, ‘‘आत नको, त्या खिडकीपाशी बसते.’’ मुलानं गल्ल्यावरच्या मालकाकडे पाहिलं, मालकानं मान हलवली. बांगड्याची थाळी आली. तिरफळ घातलेलं तिखलं, तळलेली एक तुकडी, भाकरी, भात, सोलकढी. शेजारच्या टेबलावरच्या लहान मुलीनं थोडा वेळ माझ्याकडे टक लावून पाहिलं, मग तिची आइस्क्रीम आली.

मुलगा भात वाढायला आला तेव्हा म्हणाला, ‘‘काकू, जेवण बरोबर आहे ना?’’

‘‘तिखल्यात मीठ जरा पुढे गेलंय.’’

तो आत जाऊन आचाऱ्याला ते मोठ्यानं सांगून आला आणि येताना सोलकढीची आणखी एक वाटी घेऊन आला. तिचे पैसे बिलात लावलेले होते.