गवंड्याचा हात

पुणें-नाशिक रस्त्यानें भोसरी ओलांडून मोशीस गेलें, कीं दोहों बाजूंस इमारतींचे सांगाडे दिसतात. इंद्रायणीकांठचें हें गांव १९९७ सालीं पिंपरी-चिंचवड महापालिकेंत आलें, आणि आतां पुष्कळ मध्यमवर्गीय कुटुंबें तेथें घरें घेत आहेत. या घरांना गिलावा करणाऱ्या गवंड्याचा हात वाचकांनीं कधीं निरखून पाहिला आहे काय? पेरांवर भेगा, बेचक्यांत चट्टे. "सिमेंट हात खातं," एवढेंच तो सांगतो. तें नेमकें काय खातें, हें कळण्यास सूक्ष्मदर्शकच हवा.

त्वचेचा पातळ काप त्याखालीं धरला, तर वर बाह्यत्वचा व खालीं अंतस्त्वचा असे दोन भाग दिसतात. बाह्यत्वचेच्या तळाशीं जन्मलेली पेशी वर सरकत जाते, चपटी होते, मरते, आणि सुमारें चार आठवड्यांनीं गळून पडते. अगदीं वरचा शृंगस्तर अशा मृत पेशींचाच. तळहातावर जाड, पापणीवर अतिशय पातळ. या पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्या फटींतील स्निग्ध द्रव्यें म्हणजे माल. ही उपमा आमची नव्हे, त्वचाशास्त्रज्ञांचीच आहे. गवंड्यास ती आपल्यापेक्षां लवकर समजेल.

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित् आम्ल असतो. ओलें सिमेंट चुन्याप्रमाणें तीव्र अल्कधर्मी. तें हा माल विरघळवून जिवंत पेशींपर्यंत पोंचतें. शृंगस्तरांत मज्जातंतू नसल्यानें आरंभीं कांहींच जाणवत नाहीं. बुटांत शिरलेलें सिमेंट तासन्‌तास तसेंच राहतें, आणि सायंकाळीं खोल व्रण दिसतो.

दुसरा अपाय अधिक चिवट आहे. सिमेंटांत अल्पसें क्रोमियम असतें. बाह्यत्वचेंत फांद्या फुटलेल्या कांहीं पेशी आहेत. १८६८ सालीं बर्लिन येथें विद्यार्थी असतांना पॉल लांगरहान्स यानें त्या वर्णिल्या. त्याला त्या मज्जासंस्थेच्या वाटल्या; वस्तुतः त्या पहारेकरी होत. त्यांच्यामार्फत शरीरानें क्रोमियम एकदां शत्रु म्हणून ओळखलें, कीं ती ओळख बहुधा जन्मभर टिकते; मग थोडेंसें सिमेंटही इसब उठवण्यास पुरतें, आणि कित्येकांस धंदाच सोडावा लागतो. युरोपीय संघांत २००५ पासून सिमेंटांतील अपायकारक विद्राव्य क्रोमियम दशलक्ष भागांत दोहोंहून अधिक असूं नये असा निर्बंध आहे. त्यासाठीं त्यांत बहुधा हिराकस मिसळतात.

घरीं काम निघालें असेल, तर गवंड्यास व बिगाऱ्यास पाणी न शिरणारे रबरी हातमोजे द्यावे. चहा आपण विचारतोंच. त्याच्या जोडीला साबण व स्वच्छ पाण्याचें पिंप ठेवावें. ओलें सिमेंट अंगास लागल्यास भिजलेले कपडे काढून तो भाग निदान वीस मिनिटें वाहत्या पाण्याखालीं धरावा, हळद वा तेल चोळूं नये, आणि व्रण दिसल्यास डॉक्टरांकडे पाठवावें. मोजे विटांच्या कामांत लवकर फाटतात. फाटक्या मोज्यांत सिमेंट सांचून अधिकच पोळतें. तेव्हां दुसऱ्या-तिसऱ्या जोडीचे पैसे हिशेबांत आधींच धरावे.